पुन्हा लिहू नका

४ मार्च

ट्रिंगे,

आशीर्वाद आधीच देऊन टाकतो. पुढचं वाचून राग आला तरी ते परत करता येणार नाहीत.

तीन वर्षांनी पत्र, तेही कागदावर, म्हणून दचकू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत. सगळे म्हणजे मी आणि तुझी आत्या. पत्राचं कारण निव्वळ कामाचं आहे. मी आधी मेलच पाठवला होता. तुमच्या कंपनीच्या सर्व्हरने तो दारातूनच परत लावला. कारण काय, तर आमच्या घड्याळजी संघाचा सर्व्हर ब्लॉकलिस्टवर आहे. आमचा! ज्या सर्व्हरच्या दारात मी जगातल्या बदमाशांना अडवत आलो, तोच आता बदमाशांच्या यादीत.

झालं असं. आपले कुकू काका तुला आठवत असतील. कुकू घड्याळं दुरुस्त करतात आणि स्वतःही दर तासाला काहीतरी बोलल्याशिवाय राहत नाहीत. त्यांना मेल आला, 'तुमची पेटी भरली आहे, पासवर्ड कळवा.' त्यांनी कळवला. वर 'आभारी आहे' असंही लिहिलं. त्या दुपारी त्यांच्या नावाने चाळीस हजार मेल जगभर गेले, सगळे केस वाढवायच्या तेलाचे. काकांच्या डोक्यावर एक केस नाही. घड्याळजी अजून पोट धरून हसताहेत. मला मात्र प्रत्येक यादीवाल्याला हात जोडून 'आमचं नाव काढा' असं लिहीत बसावं लागतंय. एका यादीने त्याच दिवशी काढलं, चूक कुठे झाली तेही नीट सांगितलं. दुसरी म्हणते, सात दिवस गप्प बसा, मग बघू.

जाता जाता, तुझ्या लग्नाचंही मला कुकू काकांकडूनच कळलं होतं. लग्न होऊन दोन महिने झाल्यावर. असो. तो विषय नाही.

विषय असा की बाहेर जाणारा घोळ निस्तरतोय, पण आत येणारा स्पॅम काही थांबत नाही. साठ सभासद, रोजची बोंब. तीस एप्रिलला वार्षिक सभा आहे. अध्यक्ष म्हणाले, "तोपर्यंत हे बंद झालं नाही, तर सर्व्हर मोठ्या कंपनीकडे देऊन मोकळे होऊ." म्हणजे तीन वर्षांपूर्वी तू भर सभेत, माझ्या शेजारच्या खुर्चीवरून उठून, जे म्हणाली होतीस तेच. त्यावर मी घरी येऊन तुला जे बोललो ते तुला आठवत असेल. मलाही आठवतं.

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून माझा दिवस संघाच्या कार्यालयामागच्या त्या खोलीत जातो. एक टेबल, एक पंखा आणि दुरुस्तीला आलेली एकवीस घड्याळं. कुठलीही दोन एक वेळ दाखवत नाहीत. ती खोली गेली तर मी सकाळी चप्पल घालून जाणार कुठे?

तर प्रश्न. मी सध्या अकरा ब्लॉकलिस्ट लावल्या आहेत. बारावी कोणती लावू? तुझं हेच काम आहे म्हणून विचारतोय.

फोन नाही केला, कारण फोनवर माझा आवाज चढतो.

— बाबा


१७ मार्च

ट्रिंगे,

तुझं उत्तर मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही. पण 'ळ' अजून तसाच काढतेस, गाठ मारल्यासारखा.

तुझ्या पाच ओळी मी टेबलासमोर चिकटवल्या आहेत: 'बारावी नको. अकरातल्या नऊ काढा. प्रत्येक यादीपुढे एक ओळ लिहा. ती कोण चालवतं, कशामुळे एखादा पत्ता तिच्यात जातो, चुकून गेलेला बाहेर कसा निघतो. ओळ लिहिता आली नाही तर ती यादी काढून टाका.'

वाचून आधी मला राग आला. मग मी ओळी लिहायला बसलो आणि घाम फुटला. पाचव्या यादीपुढे प्रामाणिकपणे लिहावं लागलं, 'का लावली: नाव भारदस्त वाटलं.' आठवीपुढे, 'का लावली: सातव्या यादीने सुचवली होती.' आत्या चष्मा लावून मागून वाचत होती. म्हणाली, "अरे, तू पोरीसाठी स्थळं बघितली असतीस तर अशीच बघितली असतीस. बरं झालं तिने स्वतःचं स्वतः पाहिलं."

सात काढल्या. तू नऊ सांगितल्या होत्यास, पण दोन माझ्याच्याने काढवेनात. एकीचं नाव मी 'म्हातारी' ठेवलंय. चौदा वर्षं जुनी. कोण चालवतं ते शोधूनही सापडलं नाही, पण इतकी वर्षं चाललीय म्हणजे कोणीतरी चालवतच असणार. दुसरी 'चिडकी'. एका पत्त्यावरून घाण आली की ती आजूबाजूचे हजारभर पत्तेही आत टाकते. म्हणजे एका घरात चोर सापडला तर अख्खी गल्ली बंद. आम्हाला सात दिवस गप्प बसवणारी हीच. राग यायला हवा, पण तिचा दरारा मला आवडतो. उरलेल्या दोन तुझ्या मताप्रमाणे. त्यातली पहिली म्हणजे आम्हाला त्याच दिवशी सोडणारी. तिचं नाव 'शहाणी'.

तू कशी आहेस, हे विचारायचं राहिलं. विचारलं असं समज.

— बाबा


२ एप्रिल

ट्रिंगे,

आधी फुशारकी सांगतो, मग फजिती. त्याच क्रमाने घडलं म्हणून.

गेल्या सोमवारी सकाळी खोली उघडली, आकडा पाहिला. रात्रीतून आलेला स्पॅम: शून्य. डोळे चोळले. शून्यच. मी अध्यक्षांना बोलावून संगणकाचा पडदा दाखवला. ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "मानलं तुम्हाला. एकही नाही?" मी म्हणालो, "एकही नाही." मंगळवारीही शून्य. कुकू काका दारात येऊन म्हणाले, "आज फार शांत वाटतंय हो. कुणी आजारी आहे का?" मी म्हणालो, "ही शिस्त आहे, काका." बुधवारी मी समितीला समजावूनसुद्धा सांगितलं, की मेल दारात आला की आपला सर्व्हर यादीला विचारतो, हा तुझ्याकडे नोंदलेला आहे का? यादी 'हो' म्हणाली की दार बंद. समितीने टाळ्या वाजवल्या.

गुरुवारी दुपारी एक बाई आल्या. उंच, पांढरे केस, कडेवर मूल घ्यावं तसं भिंतीवरचं भलंमोठं घड्याळ घेतलेलं. एका शाळेच्या मुख्याध्यापिका. घड्याळ टेबलावर ठेवून त्यांनी धाप टाकली आणि विचारलं, "इथला मेल कोण बघतं?"

"मी."

"मग मला एवढंच सांगा, मी तुमचं काय वाईट केलंय?"

त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढून माझ्यासमोर ठेवला. त्यांनी सोमवारी चौकशी पाठवली होती, शाळेचं घड्याळ बंद पडलंय, आणून देऊ का? त्याला आमच्या सर्व्हरने उत्तर दिलं होतं. ते वाक्य मीच लिहिलं होतं, चार वर्षांपूर्वी, स्पॅमवाल्यांची जिरवायला. रोमन अक्षरांत, कारण तिथे आपली लिपी चालत नव्हती:

'तुमच्यासारख्यांची पत्रं इथे घेतली जात नाहीत. पुन्हा लिहू नका.'

"तीस वर्षं शाळा चालवतेय," बाई म्हणाल्या, "पण इतकं तोडून मी कधी वर्गाबाहेर काढलेल्या मुलालासुद्धा बोलले नाही."

मी सर्व्हरच्या नोंदींचा लॉग उघडला आणि कपाळावर हात मारला. चार दिवस स्पॅम शून्य होता, कारण मेलच शून्य होते. बाहेरून आलेला एकूण एक मेल नाकारलेला, आणि प्रत्येकापुढे एकच नाव, म्हातारी! तिचे चालक कधीच सोडून गेले होते. तिचं इंटरनेटवरचं नाव आता कुणा तिऱ्हाइताकडे गेलंय, आणि कुणाबद्दलही विचारा, ती डोळे मिटून 'हो, नोंदलेला आहे' म्हणते. मी तिथल्या तिथे तिला काढून टाकलं. दहा मिनिटांत पंधरा मेल आत आले. त्यातले नऊ स्पॅम होते. खोटं कशाला बोलू, मला त्यांनाही पाहून बरं वाटलं.

बाईंची मी माफी मागितली. त्यांचं घड्याळ कुकू काकांनी तिथेच उघडून बसल्या जागी चालू करून दिलं. जाताना त्या हसल्या, पण कागद टेबलावरच ठेवून गेल्या.

तो कागद मी तेव्हापासून पाहतोय. 'तुमच्यासारख्यांची' हा शब्द मला तेव्हा भलताच खमंग वाटला होता. नाकारण्याचं कारणही मी मुद्दाम काढून टाकलं होतं. चोराला कशाला सांगायचं की कुठून पकडलं? आता तू मला सांग. तू या कामातली आहेस. हे वाक्य माणसाने वाचलं, आपल्यालाच म्हटलंय असं समजून वाचलं, तर कसं वाटत असेल?

— बाबा


१४ एप्रिल

ट्रिंगे,

पत्र मिळालं. सोबतचे तीन कागदही.

आज लिहिता येत नाही. उद्या-परवा लिहितो.

— बाबा


१६ एप्रिल

ट्रिंगे,

तुझं पत्र आत्याने मोठ्याने वाचलं, कारण माझा चष्मा सापडत नव्हता. चष्मा नाकावरच होता. पण वाचवत नव्हतं.

'कसं वाटतं ते विचारलंत म्हणून सांगते. ते वाक्य मला पाठ आहे. इथे आल्यावर पाच महिन्यांत मी तुम्हाला तीन मेल पाठवले. तिन्ही वेळा तेच परत आलं. एका माणसाला सर्व्हरवर बंद कसं करायचं आणि त्याच्यासाठी वेगळा मजकूर कसा लिहायचा, हे मीच तुम्हाला शिकवलं होतं. मला वाटलं, शिकलात.'

आत्याने कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी लहानपणी तिचं कंपासपेटीतलं सगळं सामान आडात टाकलं होतं तेव्हाही तसं पाहिलं नव्हतं.

मी खोलीवर गेलो. एक्स्चेंजमधली सवय, लॉग मी कधी पुसत नाही, दरवर्षीचे वेगळे ठेवतो. तीन वर्षांपूर्वीचे काढले. तुझा पत्ता शोधला. तीन ओळी. नऊ जुलै, वीस ऑगस्ट, दोन डिसेंबर. तिन्ही ओळींच्या शेवटी चिडकीचं नाव. तुझा मेल ज्या लहानशा कंपनीकडे होता, तिच्या शेजाऱ्यांपैकी कुणीतरी घाण केली होती. चोर दुसऱ्या घरातला, आणि माझ्या दारातून परत गेलीस तू.

ट्रिंगे, मी तुला बंद केलं नव्हतं. हे मला आधी लिहायचं होतं. पण नुसतं एवढंच लिहून मी सुटत नाही, हेही मला कळतं. ती यादी मीच लावली होती, कडक आहे म्हणून. ते वाक्य माझंच. आणि त्या डिसेंबरातला आकडा मी दर महिन्यासारखा समितीत वाचून दाखवला होता: 'या महिन्यात एक हजार दोनशे चौदा नाकारले.' लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी मान लववली. त्या हजार दोनशे चौदात तुझं लग्नाचं बोलावणं होतं.

तू सोबत पाठवलेले तिन्ही मेल मी वाचले. पहिला: 'पोचले. खोली बरी आहे, खिडकीतून पाण्याची टाकी दिसते.' दुसरा: 'सभेत बोलायच्या आधी तुमच्याशी घरी बोलायला हवं होतं. ते माझं चुकलं. म्हणणं चुकलं नव्हतं.' हा वाचून हसू आलं, अगदी माझीच लेक. आणि तिसरा. 'चौदा तारखेला अकरा वाजता नोंदणी आहे. माझ्या बाजूने सही करायला एक साक्षीदार लागतो. ती जागा मी अजून कुणाला दिलेली नाही.'

मी मात्र तीन वर्षं सगळ्यांना सांगत होतो, पोरीने बापाला कळवलंसुद्धा नाही. कुकू काकांना सांगितलं, अध्यक्षांना सांगितलं, दाढी करताना आरशाला सांगितलं. फोन उचलून तुला करावा, एवढं मात्र सुचलं नाही. सुचलं नाही हेही खोटंच. सुचलं होतं. तू आधी करावास असं वाटत होतं. आणि तू तर तीनदा लिहिलेलंस.

माझं चुकलं. यादीचं नव्हे, माझं.

चिडकी मी काढली. वाक्यही बदललं. मसुदा आत्याचा, दुरुस्त्या माझ्या. आता असं आहे: 'क्षमस्व, तुमचा मेल पोचला नाही. तुमचा सर्व्हर अमुक यादीत आहे. चूक आमची असू शकते. कृपया या क्रमांकावर फोन करा.' आणि खाली घरचा क्रमांक दिलाय.

— बाबा


१ मे

ट्रिंगे,

गेल्या आठवड्यात तू फोन केलास तेव्हा आपण पस्तीस मिनिटं बोललो आणि त्यातली तेहतीस याद्यांवर. आत्या दारात उभी राहून खुणा करत होती, 'तिला विचार, कशी आहेस! विचार!' आणि मी तुला विचारत होतो, एका यादीने 'हो' म्हटलं की लगेच दार बंद न करता, प्रत्येक यादीला थोडे गुण देऊन बेरीज कशी करायची. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांशी बोललात की दोन सर्व्हर बोलले?" पण ट्रिंगे, तू एकदा 'बाबा, ऐका तर' म्हणालीस ना, तेव्हा मला पुढची दोन मिनिटं काही ऐकू आलं नव्हतं. म्हणून तुला तेच परत विचारलं.

तू सांगितलंस तसंच केलं. आता दोनच याद्या. ज्याची बेरीज मोठी तोच दारातून परत. बाकी संशयित वेगळ्या कप्प्यात जातात, आणि तो कप्पा मी रोज सकाळी स्वतः पाहतो. बरंच काही सापडतं. कालच एका आजोबांनी नातवाच्या पहिल्या घड्याळाबद्दल विचारलेलं सापडलं, केसतेलाच्या दोन जाहिरातींमध्ये चेंगरलेलं.

काल सभा झाली. अध्यक्षांनी सर्व्हरचा विषय काढला आणि मी उठलो. मी म्हणालो, "तीन वर्षांपूर्वी या सभेत माझ्या मुलीने सांगितलं होतं, की एका माणसाच्या हातात सगळ्यांची पत्रं ठेवू नका, सर्व्हर दुसरीकडे द्या. मी तेव्हा तिचं ऐकलं नाही. आज तोच ठराव मी मांडतो." मग म्हातारीचं सांगितलं, मुख्याध्यापिकांचं सांगितलं. तुझ्या तीन मेलचंही सांगितलं. ते सांगायचं ठरलं नव्हतं.

साठ घड्याळजी गप्प बसले की काय ऐकू येतं ते तुला ठाऊक आहे. नुसती टिकटिक.

मग कुकू काका उठले. "माझा विरोध आहे," म्हणाले. "मोठ्या कंपनीत फोन केला तर मला पासवर्डवरून ओरडणार कोण?" लोक हसले. अध्यक्षही हसले. म्हणाले, "गेला आठवडाभर माझ्याकडे स्पॅमची एकही तक्रार नाही, आणि मेलही येताहेत. आता चाललंय तर बदलायचं कशाला?" मागून एक बाई म्हणाल्या, "पण त्या मुलीचं म्हणणं बरोबरच होतं. एकट्याच्या हातात नको." शेवटी असं ठरलं: सर्व्हर इथेच राहील, पण किल्ल्या दोघांकडे. यादी लावायची असो की काढायची, दुसऱ्याने होकार दिल्याशिवाय मी हात लावायचा नाही. माझा ठराव पडला आणि तुझा अर्धा मंजूर झाला. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी हरलो नव्हतो.

दुसरी व्यक्ती कोण, असं अध्यक्षांनी विचारलं. मी तुझं नाव सुचवलं. तुला न विचारता. म्हणून आता विचारतोय. नाही म्हणालीस तरी चालेल. मात्र नाही म्हणायचं असेल तर ते तोंडावर म्हण. मी सात तारखेला येतोय. तिकीट काढलंय. आत्या म्हणते, "येऊ का असं विचार, येतोय असं काय लिहितोस?"

येऊ का?

— बाबा


१२ मे, तुझं स्वयंपाकघर

ट्रिंगे,

तुम्ही दोघं कामावर गेलात. घरात मी एकटा, आणि ओट्यावर तुझी किराण्याची वही. तिच्यातलंच पान फाडलंय.

पाच दिवस झाले, पण जे सांगायला आलो ते अजून तोंडातून निघत नाही. पहिल्या दिवशी चार मजले चढून आलो, तू दार उघडलंस आणि आपण दोघंही उभेच. मी म्हणालो, "या इमारतीला लिफ्ट नाही?" तू म्हणालीस, "नाही." तीन वर्षांनंतरचं आपलं समोरासमोरचं पहिलं बोलणं ते. बरं झालं जावई मागून येऊन म्हणाले, "बाबा, मी दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि घरी जिने चढून येतो. आत या, माझ्यावर हसायला बसूनच बरं पडेल." तू माझ्या हातातली पिशवी घेतलीस आणि तशीच धरून उभी राहिलीस. ती पिशवी रिकामी होती, सामान दुसरीत होतं. मी सांगितलं नाही.

माणूस चांगला आहे गं. काल तू आंघोळीला गेलीस तेव्हा त्याने मला नोंदणीचा कागद दाखवला. तुझ्या बाजूच्या साक्षीदाराची सही मी बोट ठेवून वाचली. "हे कोण?" तो म्हणाला, "त्या दिवशी रांगेत आमच्यामागे उभे होते. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं. ही साडेअकरापर्यंत दाराकडे बघत थांबली. मग कारकून म्हणाला, पुढचे खोळंबलेत. तेव्हा त्यांनीच विचारलं, मी करू का सही?"

मी आज सकाळी तुम्ही गेल्यावर त्या चष्म्यावाल्यांच्या दुकानात जाऊन आलो. जावयाने पत्ता दिला होता. 'तिला सांगू नका' म्हणालो होतो, पण आता मीच सांगतोय. गृहस्थ माझ्याच वयाचे. मी म्हणालो, "तीन वर्षांपूर्वी तुम्ही एका मुलीच्या लग्नाला सही केली होतीत. मी तिचा बाप. आभार मानायला आलोय." त्यांनी चष्मा काढून पुसला, मला खुर्ची दिली. मग म्हणाले, "तिने मला तेव्हा सांगितलं होतं, माझे बाबा यायचे होते, त्यांना पत्र पोचलं नसेल."

ट्रिंगे, तीनदा ते वाक्य वाचूनही तू परक्या माणसाला असं सांगितलंस. पत्र पोचलं नसेल, असं.

याच्यापुढे मला काही लिहिता येत नाही. यायचीही गरज नाही बहुधा. हे वाचलंस की माझ्याशी यावर लगेच बोलू नकोस. आधी जेवू.

त्या गृहस्थांना मी आज जेवायला बोलावलंय, तुला न विचारता. ही माझी खोड जाणार नाही. चार माणसांची भाजी घरात नाही, ती आणायला खाली चाललोय. किल्ली समोरच्या बाईंकडे ठेवतो. घरी पोचलीस आणि मी दिसलो नाही तर घाबरू नकोस, जिने चढत असेन.

— बाबा